श्वासाचा हिशेब : पाण्याखालच्या भीतीचा माग काढणारे जे. बी. एस. हाल्डेन

१ जून १९३९ रोजी दुपारी ब्रिटनच्या लिव्हरपूल उपसागरात ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी चाचणीसाठी पाण्याखाली गेली. बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधलेल्या या पाणबुडीवर त्या दिवशी १०३ जण होते. ही संख्या नेहमीच्या जवळपास दुप्पट होती, कारण खलाशांच्या जोडीला गोदीतील अभियंते आणि कामगारही चाचणीसाठी आले होते. पुढच्या बाजूच्या एका टॉर्पेडो नळीचे बाहेरचे झाकण उघडे असतानाच तिचे आतले दार उघडले गेले. नळीत पाणी आहे की नाही हे दाखवणाऱ्या लहानशा तोटीचे छिद्र रंगाने बुजले होते, त्यामुळे धोक्याची सूचना मिळालीच नाही. समुद्र आत घुसला, पुढचे दोन कप्पे भरले आणि पाणबुडीचे नाक सुमारे दीडशे फूट खोल तळात रुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे शेपूट पाण्याबाहेर दिसत होते. मदतीची जहाजे आसपास पोहोचली होती. आत सुटकेसाठी खास कक्ष होता आणि पाण्यातून वर येताना प्राणवायू पुरवणारी डेव्हिस बनावटीची उपकरणेही होती. कॅप्टन ओरॅम आणि लेफ्टनंट वुड्स हे दोघे आधी बाहेर पडले. वेळ कमी उरला होता म्हणून त्यानंतर चौघांना एकदमच त्या अरुंद कक्षात पाठवण्यात आले. त्यांतील तिघे तिथेच मरण पावले आणि चौथ्याने थोड्याच वेळात प्राण सोडला. पुढे स्टोकर आर्नल्ड आणि गोदीचे कर्मचारी शॉ ही जोडी निसटली. त्यांच्यानंतर कोणीही बाहेर आले नाही. ९९ जणांचा बळी गेला आणि त्यांतील बहुतेकांचा जीव बाहेरून आलेल्या पाण्याने नव्हे, तर आत कोंडलेल्या हवेने घेतला होता.

देश सुन्न झाला. पाठोपाठ प्रश्नही आले. उपकरण हाताशी होते, दार हाताशी होते, पृष्ठभाग फार दूर नव्हता, मग धडधाकट, अनुभवी माणसांना सुटकेची साधी कृती का जमली नाही? माणसे घाबरली, त्यांचा धीर सुटला, हे उत्तर सर्वांत सोपे होते आणि मृतांवर सर्वांत अन्याय करणारेही. आपले सदस्य गमावलेल्या कामगार संघटनांना ते मान्य नव्हते. त्यांनी स्वतंत्र तपासासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका प्राध्यापकाला गाठले. जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन हे त्यांचे नाव.

हाल्डेन तेव्हा ४६ वर्षांचे होते आणि त्यांची ख्याती वेगळ्याच विषयातील होती. रोनाल्ड फिशर आणि स्युअल राइट यांच्यासमवेत त्यांनी डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम गणिताच्या धाग्यात ओवले होते. लोकसंख्या-आनुवंशिकी या शाखेच्या तीन प्रवर्तकांत त्यांची गणना होते. वृत्तपत्रांतून सामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहिणारे, डाव्या विचारांचे, भांडखोर स्वभावाचे आणि धिप्पाड देहाचे हे गृहस्थ पाणबुडीच्या अपघाताशी कसे जोडले गेले, याचे मूळ त्यांच्या बालपणात आहे.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचे शास्त्रज्ञ. खाणींतील स्फोटांनंतर मजूर कशाने मरतात, गटारांतील हवा किती विषारी असते, गिरण्यांत घुसमट का होते, हे सारे जागेवर जाऊन तपासणारे. खाणीत विषारी वायूची पूर्वसूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्यांनीच पुढे आणली. प्रयोगासाठी सर्वांत भरवशाचा प्राणी म्हणजे प्रयोग करणारा स्वतः, हा घरचा दंडक होता आणि मुलगाही त्यातून सुटला नव्हता. एकदा वडिलांनी त्याला कोळशाच्या खाणीत नेले, छताजवळ मिथेन वायू साठलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधील अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. काही ओळींतच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो जमिनीवर कोसळला. जमिनीलगत हवा स्वच्छ असल्याने तो लगेच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हा धडा त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही.

१९०५ मध्ये वडिलांनी प्रीस्टली या सहकाऱ्यासह एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. माणसाचा श्वास कमी-जास्त होतो तो मुख्यतः प्राणवायूच्या उणिवेमुळे नव्हे, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू वाढल्यामुळे. छातीत दाटणारी घुसमट, पुढचा श्वास घेतलाच पाहिजे ही अनावर निकड, ही सारी कर्बवायूची भाषा आहे. थेटिसचे कोडे पुढे याच सूत्राने सुटायचे होते.

त्यानंतर ब्रिटिश नौदलाने थोरल्या हाल्डेनकडे पाणबुड्यांचा प्रश्न सोपवला. खोल पाण्यात काम करून वर येणारे पाणबुडे सांध्यांच्या वेदनांनी तळमळत, काही कायमचे पंगू होत, काही मरत. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नत्रवायू दाब एकदम उतरला की सोड्याच्या बाटलीतील बुडबुड्यांसारखा बाहेर पडतो, हे ठाऊक होते. वर यायचे किती सावकाश, याचा मात्र हिशेब नव्हता. लंडनमध्ये दाबकक्षात बोकडांवर आणि नंतर स्कॉटलंडच्या सागरी खाड्यांत माणसांवर प्रयोग झाले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये नौदलाचे दोघे पाणबुडे २१० फुटांपर्यंत उतरून सुखरूप परतले. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके यातून तयार झाली आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजचा स्कूबा डायव्हर मनगटावरील संगणकाकडे पाहून वर येताना थांबतो, त्या थांब्याची वंशावळ इथवर पोहोचते.

स्कॉटलंडच्या त्या मोहिमेत १३ वर्षांचा जॅकही होता. मोठ्या माणसाच्या मापाचा पोशाख चढवून त्यालाही पाण्यात सोडण्यात आले. मनगटाशी पोशाख सैल असल्याने थंडगार पाणी आत शिरू लागले आणि छातीपर्यंत चढले. हवेची झडप हाताने जुळवत त्याने पाणी शिरस्त्राणाच्या खाली रोखून धरले आणि तसाच तळाशी राहिला. वर ओढल्यावर त्याला व्हिस्की पाजून अंथरुणात घालण्यात आले. आजच्या पालकांच्या अंगावर काटा येईल असा हा प्रसंग आहे. मात्र पाण्याखाली काहीतरी बिघडले असताना हातात एक काम असले तर डोके ठिकाणावर राहते, हे त्या मुलाने शाळेत जाऊन नव्हे, तर झडप फिरवत शिकून घेतले.

ईटन आणि ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर पहिले महायुद्ध आले. ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी म्हणून हाल्डेन आघाडीवर गेले. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरिनचा वापर केल्यावर वडिलांनी त्यांना मागे बोलावून घेतले. पितापुत्रांनी काही सहकाऱ्यांसह क्लोरिन सोडलेल्या बंद खोलीत स्वतः बसून मुखवट्यांची पारख केली. धापा टाकत, खोकत केलेली ही पारख संपताच ते पुन्हा खंदकात परतले आणि जखमी झाले. पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखम झाली आणि उपचार व विश्रांतीसाठी त्यांना भारतात पाठवण्यात आले. या देशाशी त्यांची ती पहिली ओळख. लढाईत आपल्याला भीतीपेक्षा उत्साहच अधिक वाटला, हे त्यांनी कधी लपवले नाही. भीतीचे शरीरशास्त्र ज्याने इतक्या चिकाटीने तपासले, तो माणूस स्वतः फारसा घाबरत नसे. कदाचित म्हणूनच भीतीकडे लज्जास्पद गोष्ट म्हणून न पाहता तो तिच्याकडे तापासारखे एक लक्षण म्हणून पाहू शकला.

युद्धानंतरची वर्षे ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मग लंडन येथे गेली. रक्ताची आम्लता वाढली की श्वसनाचे काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी अमोनियम क्लोराइडचे द्रावण प्यायले आणि दिवसचे दिवस धापा टाकत काढले. १९३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने माद्रिदला जाऊन आले आणि बॉम्बवर्षावाखालील नागरिकांची अवस्था जवळून पाहून आले. तेथे जोडलेली माणसे त्यांना थेटिसच्या वेळी उपयोगी पडली.

तपासाची पद्धत हाल्डेन घराण्याला साजेशीच होती. आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधून स्पेनमध्ये लढून आलेल्या चौघा साथीदारांना त्यांनी बोलावले. ही माणसे संकटात पाय रोवून उभी राहतात हे सिद्ध झालेलेच होते, तेव्हा त्यांची अवस्था बिघडली तर दोष त्यांच्या धैर्याला देता येणार नव्हता. पाणबुड्यांची साधने बनवणाऱ्या सीबे गॉर्मन कंपनीच्या पोलादी कक्षात या पाच जणांनी स्वतःला कोंडून घेतले. थेटिसमध्ये माणशी जेवढी हवा होती त्या बेताने हवा दूषित होऊ द्यायची आणि काय घडते त्याची नोंद करायची, असा बेत होता. १४ तासांहून अधिक काळ ते आत राहिले.

नेहमीच्या हवेत कर्बवायू शतांशाच्या काही भागांइतकाच असतो. तो तीन-चार टक्क्यांवर गेला की श्वास जाणवण्याइतका जोराने चालू लागतो. सहा टक्क्यांच्या आसपास धाप, ठणकते डोके, घाम आणि अस्वस्थता येते. दहा टक्क्यांच्या पुढे शुद्ध हरपू लागते. कक्षातील पाचही जणांनी यातील बराच प्रवास केला. धाप लागलेली, डोके फुटायला आलेले, साध्या हालचालीही जड झालेल्या. कळीची गोष्ट पुढे आली. कर्बवायूने भरलेल्या हवेतून एकदम शुद्ध प्राणवायूवर गेले की आराम पडण्याऐवजी डोकेदुखी उसळते आणि उलट्या होतात. सुटकेच्या उपकरणाची तोटी तोंडात धरून पाण्याने भरत जाणाऱ्या अंधाऱ्या कक्षात उभ्या असलेल्या माणसाला नेमक्या त्या क्षणी उलटीचा उमाळा आला, तर तोटी तोंडाबाहेर पडणे ओघाने आलेच.

दुसरा मुद्दा दाबाचा होता. बुडालेल्या पाणबुडीतून दार उघडण्यासाठी आधी आत पाणी घेऊन दाब बाहेरच्या इतका करावा लागतो. दीडशे फुटांवर हा दाब पृष्ठभागाच्या साडेपाच पट असतो. हवा तितक्या पटीने आवळली गेली की तिच्यातील कर्बवायूचा परिणामही तितक्याच पटीने वाढतो. पृष्ठभागावर दोन टक्के कर्बवायू सहन होतो. तीच हवा त्या दाबाखाली अकरा टक्क्यांसारखी वागते. अडकलेली माणसे तासन्‌तास बचावाची वाट पाहत राहिली आणि मग सुटकेसाठी कक्षात पाणी घेतले, तर त्या क्षणीच त्यांची बुद्धी आणि बळ हरपणार होते. सुटका करायची तर लवकर करायची, हवा बिघडण्याआधी, हा निष्कर्ष आज उघड वाटतो. १९३९ पर्यंत तो कोणी आकड्यांत मांडून दाखवला नव्हता.

हाल्डेन यांचे निष्कर्ष अपघाताच्या चौकशीत मांडले गेले. आपल्यावर कडवट टीका करणाऱ्या या डाव्या प्राध्यापकालाच नौदलाने मग कामाला लावले, हा त्या काळाचा गमतीशीर पेच म्हणावा लागेल. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. पाणबुडीतून सुटका कशी करावी, छोट्या पाणबुड्यांत माणसे किती वेळ तग धरतील, पोहत जाऊन स्फोटके लावणाऱ्या सैनिकांनी कोणत्या वायूवर श्वसन करावे, असे प्रश्न तातडीचे झाले होते. १९४२ मध्ये हाल्डेन अधिकृतपणे कम्युनिस्ट पक्षात गेले, पण गुप्त काम थांबले नाही.

बॉयलरसारखी आडवी पोलादी टाकी, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. आत ताठ उभे राहता येत नसे. हाल्डेन यांच्यासारख्या दांडग्या माणसाला तर दुमडूनच बसावे लागे. सहकारी मार्टिन केस आणि जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे, ज्यांच्याशी त्यांनी नंतर विवाह केला, यांच्यासह अनेक जण त्या टाकीत जात राहिले. स्पेनमधून परागंदा झालेले माजी पंतप्रधान आणि मुळात शरीरशास्त्रज्ञ असलेले हुआन नेग्रीन हेही त्यांत होते. दाब वातावरणाच्या दहापट, म्हणजे समुद्रात ९० मीटर खोलीइतका नेला जाई. आत बसलेल्यांना गणिते सोडवायला दिली जात, चिमट्याने छोट्या पोलादी गोळ्या एका भांड्यातून दुसऱ्यात टाकायला लावले जाई. इतक्या दाबाखाली नत्रवायू दारूसारखी नशा करतो. गणिते चुकत, गोळ्या सांडत, आणि माणसाला मात्र आपले उत्तम चालले आहे असे वाटत असे. पाण्याखालच्या माणसाला स्वतःच्या अवस्थेचा निवाडा स्वतः करता येत नाही, ही बाब या सांडलेल्या गोळ्यांनी मोजून दाखवली.

मग त्यात कर्बवायूची भर घातली गेली. मग थंडीची. बर्फ वितळत असलेल्या पाण्यात अंग बुडवून, दहापट दाबाखाली, कर्बवायूमिश्रित हवा घेत हाल्डेन पडून राहिले. समुद्रात हे तिन्ही शत्रू एकत्रच येतात, तर प्रयोगात त्यांना वेगळे का ठेवायचे, असा साधा विचार त्यामागे होता. नत्रवायू आणि कर्बवायू मिळून शुद्ध हरपवतात हे दिसले. १९४१ मध्ये यातील काही निष्कर्ष प्रसिद्ध झाले, बरेचसे युद्ध संपेपर्यंत बंद कपाटात राहिले.

प्राणवायूचा अनुभव सर्वांत भीषण ठरला. खूप दाबाखाली या बिनचवीच्या वायूला चव येते, ही हाल्डेन यांची मजेदार नोंद. पुढची नोंद मजेदार नव्हती. दाबाखालचा शुद्ध प्राणवायू काही मिनिटांत झटके आणतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच हे सांगितले होते, पण माणूस किती दाबात किती वेळ टिकतो याचे नेमके आकडे हवे होते. स्परवे यांना झटके आले. हाल्डेन यांनाही आले आणि त्यांतील एकात त्यांच्या पाठीचे मणके दबले गेले. एका हेलियम-प्रयोगानंतर मज्जारज्जूत अडकलेल्या बुडबुड्याची वेदनाही त्यांना आयुष्यभर पुरली. कानाचा पडदा फाटला होता. तंबाखूचा धूर कानातून बाहेर काढून दाखवण्याची करामत ते मित्रमंडळींत करत, यावरून दुखण्याकडे पाहण्याची त्यांची रीत कळते. पुढे नौदलाच्या प्रायोगिक पथकात केनेथ डोनल्ड यांनी शेकडो चाचण्या करून हे काम पूर्णत्वाला नेले.

या प्रयोगांकडे आज निखळ कौतुकाने पाहता येत नाही. कोणतीही नैतिक समिती त्यांना आता परवानगी देणार नाही. हाल्डेन स्वतः आधी टाकीत शिरत हे खरे. पण ज्येष्ठाने पुढे पाऊल टाकल्यावर कनिष्ठाला नकार देणे किती शक्य असते, हा प्रश्न उरतोच. श्रेयाचेही तसेच झाले. हाल्डेन यांचे नाव दंतकथा बनले. स्परवे आणि त्या टाकीत बसलेल्या इतरांची नावे अनेक दशके तळटिपांत राहिली.

याच काळात, १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून मागणीनुसार हवा देणारे उपकरण तयार केले. लष्करी पाणबुड्यांपुरते मर्यादित असलेले जग काही वर्षांत हौशी माणसांना खुले झाले. त्यांच्या मागोमाग अपघातही आले. मृत डायव्हरच्या नळकांड्यात हवा शिल्लक, कमरेचा वजनांचा पट्टा जागच्या जागी, तोंडातील श्वसनतोटी मात्र काढून फेकलेली, असे दृश्य तपासकांना पुन्हापुन्हा दिसले. थेटिसचा प्रश्न नव्या वेशात परत आला होता. साधन हाताशी असताना माणूस ते का टाकून देतो?

उत्तराचा मोठा भाग हाल्डेन पितापुत्रांच्या कामात आहे. प्रवाहाविरुद्ध पोहणारा डायव्हर दमतो, उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतो. खोलवर दाट झालेली हवा फुप्फुसांत पुरती खेळत नाही, कर्बवायू साठतो. शरीर घुसमटीची हाक देते. डायव्हरला वाटते की उपकरणातून हवाच येत नाही. तो तोटी ओढून काढतो, श्वास रोखून वर झेपावतो आणि वर येताना प्रसरण पावणारी हवा त्याचे फुप्फुस फाडते. सुरुवात भित्रेपणाने झालेली नसते, ती वायूने झालेली असते. भीती मागून येते आणि घुसमट आणखी वाढवते.

आजच्या बचाव-प्रशिक्षणाचा जनक म्हणून हाल्डेन यांचे नाव घेणे अतिशयोक्ती ठरेल. त्यांनी कोणताही अभ्यासक्रम आखला नाही. आर्थर बाखराख आणि ग्लेन एगस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ मध्ये डायव्हिंगमधील ताण आणि कार्यक्षमता यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘पाडी’सारख्या संस्था बचाव-डायव्हरचा अभ्यासक्रम चालवतात आणि ‘एसएसआय’ या संस्थेच्या अभ्यासक्रमाच्या नावातच बचावाआधी ताण हा शब्द येतो. परंतु या वर्गांत काय शिकवले जाते ते पाहिले, की त्या पोलादी टाकीची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. पहिला पाठ असतो थांबण्याचा. हालचाल बंद करायची, जमल्यास दोर किंवा खडक धरायचा, आणि श्वास आत ओढण्यापेक्षा तो सावकाश व पूर्ण सोडण्याकडे लक्ष द्यायचे. साठलेला कर्बवायू बाहेर गेला की विचार परत येतो. कृती त्यानंतर.

जोडीदाराच्या ताणाची चिन्हे वेळेआधी ओळखणे हा दुसरा पाठ. विस्फारलेले डोळे, बुडबुड्यांची अखंड माळ, उपकरणांशी चाललेला निष्कारण चाळा, खुणांना न मिळणारे उत्तर, पाण्यात उतरण्याआधीची अति बडबड किंवा अचानक आलेले मौन. नत्रवायूच्या नशेत आणि घुसमटीत माणूस स्वतःची अवस्था ओळखू शकत नाही, म्हणून ती दुसऱ्याने ओळखायची असते. पृष्ठभागावर भेदरलेला माणूस समोरच्याच्या अंगावर चढून पाण्याबाहेर येऊ पाहतो, म्हणून बचाव करणाऱ्याने हाताच्या टप्प्याबाहेर राहून आधी तरंगते साधन द्यावे, बोलत राहावे, जवळ जायचेच तर मागून जावे. त्याने मिठी मारलीच तर खाली बुडी घ्यावी, कारण भेदरलेला माणूस पाण्याखाली जाऊ इच्छित नाही आणि पकड आपोआप सुटते. बेशुद्ध डायव्हरला ताब्यातल्या गतीने वर आणणे, पाण्यातच कृत्रिम श्वास देणे, किनाऱ्यावर शुद्ध प्राणवायू देणे आणि गरज पडल्यास दाबकक्षात पोहोचवणे, हे पुढचे टप्पे. खोलीवर विष ठरणारा तोच प्राणवायू पृष्ठभागावर पहिले औषध ठरतो. डायव्हरसाठी त्याच्या दाबाची मर्यादा आज साधारण १.४ वातावरण धरली जाते आणि १.६ च्या पुढे जाऊ नये असे शिकवले जाते.

भारतात नौदलाची डायव्हिंग शाळा कोची येथे आहे आणि दाबविकारांच्या उपचारांचे ज्ञान मुंबईतील ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयाच्या परिसरात जोपासले गेले आहे. अंदमान, लक्षद्वीप आणि सिंधुदुर्गातील तारकर्ली-मालवण येथे हौशी डायव्हिंग वाढले तसा हा विषय नागरी झाला. सुट्टीत तासाभरासाठी पाण्यात उतरणारा पर्यटक ज्या प्रशिक्षकाच्या हाताला धरून खाली जातो, त्याला चेहऱ्यावरची घुसमट वाचता येते की नाही यावर बरेच काही अवलंबून असते.

हाल्डेन यांचे उत्तरायुष्य याच देशात गेले. युद्धानंतर रशियातील लिसेंको प्रकरणात आनुवंशिकीची गळचेपी होत असताना ते पक्षनिष्ठेपायी बराच काळ स्पष्ट बोलले नाहीत. स्वतःच्या शरीराबाबत इतका कठोर खरेपणा पाळणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील ही ठसठशीत उणीव आहे. पुढे ते पक्षापासून दूर झाले. १९५६ च्या सुएझ आक्रमणाचा निषेध करत त्यांनी ब्रिटन सोडले आणि १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते दाखल झाले. साठ वर्षे पायमोजे घालून कंटाळा आला हेही एक कारण ते मिस्कीलपणे सांगत. त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले, धोतर-कुर्ता पेहरला आणि मांसाहार सोडला.

येथील त्यांचे विज्ञान टाकीतल्या विज्ञानाच्या अगदी उलट टोकाचे होते. महागडी उपकरणे नकोत, प्राण्याला इजा नको, डोळे उघडे ठेवून मोजा, असा त्यांचा तरुणांना आग्रह असे. सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी माळटिटवीच्या घरट्यांचा केलेला अभ्यास याच वृत्तीतून आला. संस्थेतील मतभेदांनंतर हाल्डेन बाहेर पडले आणि ओडिशा सरकारच्या पाठबळावर भुवनेश्वरला आनुवंशिकी आणि जैवसांख्यिकीची प्रयोगशाळा उभी राहू लागली.

१९६४ च्या आरंभी लंडनमध्ये त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातून त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहिली. लक्षणे दिसताच संकोच न करता डॉक्टरांकडे जा, असा तिचा रोख होता. बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेखही त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. क्लोरिन, कर्बवायू आणि प्राणवायूच्या प्रयोगांतून गेलेले, दबलेल्या मणक्यांचे आणि फाटक्या कानपडद्याचे ते शरीर त्यांच्या इच्छेनुसार आंध्र प्रदेशातील काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आले.